१९७४ ची एमजीबी: धूर कमी करणारा सगळा पसारा काढून टाकू का? शिवाय दोन एसयू कार्ब जुळत नाहीत

बॉनेट_उघडा
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा. चूकभूल द्यावी घ्यावी.

गेल्या हिवाळ्यात १९७४ ची एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) घेतली. अमेरिकेसाठी बनलेली, क्रोमच्या बंपरवाली. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात काळे रबरी बंपर आले, त्यातून ही थोडक्यात वाचली. १७९८ सीसी, दोन एसयू एचआयएफ ४ कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारे, म्हणजे आपले कार्ब). मी कॅलिफोर्नियात राहतो.

पत्रा चांगला आहे, इंजिनाचा आवाज चांगला आहे, पण बॉनेट उघडलं की जीव घाबरा होतो. पुढे पट्ट्यावर फिरणारा हवेचा पंप, तिथून निघून हेडच्या चारही एक्झॉस्ट पोर्टांत घुसलेल्या धातूच्या नळ्या, इनलेट मॅनिफोल्डशी जोडलेला गल्प व्हॉल्व्ह, ईजीआर, कोळशाचा डबा आणि कुठून कुठे जातात ते ब्रह्मदेवालाच ठाऊक अशा रबरी नळ्या.

आता दुखणी सांगतो. गरम झाल्यावर स्लो (अॅक्सिलरेटर न दाबता इंजिनाचा वेग) १४०० आरपीएमच्या खाली येत नाही, दोन्ही कार्बांचे स्लोचे स्क्रू पूर्ण सोडले तरी नाही. उतारावर अॅक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून फटाके. चावी बंद केली तरी इंजिन पाच-सहा सेकंद खोकत राहतं. आणि पिकअपच्या नावानं शंख.

बेत असा आहे की हे सगळं उपटायचं, भोकं बुजवायची आणि कार्ब नव्यानं लावायचे. कुणी केलंय का?

टिवल्याबावल्या
काढा हो बिनधास्त! ९५ घोड्यांची गाडी या नळ्यांनीच ६२ वर आणली. रविवारी सकाळी सुरू करा, दुपारी जेवायच्या आत मोकळे व्हाल.

जुना_पाना
टिवल्या, ६२ चा आकडा या गाडीचा नाहीच. १९७५ पासून अमेरिकेच्या गाड्यांना दोन एसयूऐवजी एकच झेनिथ-स्ट्रॉमबर्ग कार्ब आला, तो आकडा तेव्हाचा. १९७२ पासून इथल्या गाड्यांचं कॉम्प्रेशन ८.८ वरून ८ वर आणलं होतं, ताकदीचा मोठा हिस्सा तिथे गेला. ते पिस्टनमध्ये आहे, नळ्या उपटून परत येणार नाही.

बॉनेट_उघडा, पाना हातात घेण्याआधी यातलं कोण काय करतं ते बघा, कारण तुमच्या चार तक्रारींचे गुन्हेगार वेगवेगळे आहेत.

पंप ताजी हवा एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या मागे सोडतो, म्हणजे सिलिंडरमधून जळायचं राहून आलेलं पेट्रोल आणि कार्बन मोनॉक्साइड तिथेच जळतं. ही हवा कार्बमधून जात नाही. म्हणून पंप असो वा नसो, सिलिंडरमध्ये जाणारं मिक्श्चर तेच राहतं. पट्टा ओढायला जी थोडी ताकद लागते तेवढीच काय ती वाचेल.

गल्प व्हॉल्व्ह या पंपाचा जोडीदार. तुम्ही अॅक्सिलरेटर एकदम सोडता तेव्हा मॅनिफोल्डच्या भिंतींना चिकटलेलं पेट्रोल ओढलं जातं, क्षणभर मिक्श्चर फार रिच (पेट्रोल जास्त, हवा कमी) होतं. ते न जळता बाहेर पडलं आणि तिथे पंपाची ताजी हवा भेटली की फटाका. तो टाळायला गल्प व्हॉल्व्ह त्या क्षणी मॅनिफोल्डमध्ये हवेचा एक घोट सोडतो. त्याचा पडदा फाटला तर दोन गोष्टी होतात: घोट वेळेवर जात नाही, आणि एरवी नको तेव्हा हवा गळत राहते. तुमचे फटाके आणि थोडाफार चढलेला स्लो इथे बसतो.

मात्र गल्प बंद करून पंप चालू ठेवलात तर फटाके वाढतील. ही जोडी आहे. ठेवायची तर दोघं, काढायची तर दोघं.

ईजीआर जळालेल्या वायूतला थोडा भाग पुन्हा आत पाठवतो. त्यानं ज्वलनाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजनची ऑक्साइडं कमी होतात. स्लोवर तो बंदच असायला हवा. काजळीनं उघडा अडकला तर इंजिन थरथरतं, स्लो चढत नाही.

खोकत राहण्यासाठी वेगळा रन-ऑन व्हॉल्व्ह आहे. चावी बंद केल्यावर तो मॅनिफोल्डची ओढ कोळशाच्या डब्यामार्गे कार्बच्या फ्लोट चेंबरवर (पेट्रोल साठतं त्या छोट्या कप्प्यावर) लावतो, मग जेटमधून (पेट्रोलच्या बारीक नळीतून) पेट्रोल वर येतच नाही. म्हणजे तुम्ही ज्या पसाऱ्याला शिव्या देताय त्यातला हा व्हॉल्व्ह तुमच्याच तक्रारीचं औषध आहे, आणि तो बहुधा मेलाय.

आता काम. काही काढू नका. इंजिन गरम करा, स्लोवर ठेवा आणि मॅनिफोल्डला व कार्बला जाणाऱ्या नळ्या एकेक करून चिमट्यानं दाबा. प्रत्येक वेळी आरपीएम लिहून ठेवा. आकडे इथे टाका, मग बोलू.

चौथा_गिअर
जुना_पाना काकांना +१. एक कायद्याची गोष्ट, कारण टिवल्याबावल्या ती सांगणार नाहीत :)

कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग चेकमधून (धुराच्या सरकारी तपासणीतून) सूट आहे. पण तपासणीतून सूट म्हणजे काढायची परवानगी नव्हे. केंद्राच्या क्लीन एअर अॅक्टमध्ये ही उपकरणं काढायला किंवा निकामी करायला मनाई आहे आणि त्या कलमात गाडीच्या वयाची सूट नाही. कुणी तुमच्या दारात येऊन बॉनेट उघडायला लावणार नाही, हे मलाही कळतं. तरी माहीत असून केलेलं बरं.

दुसरं, कोळशाच्या डब्याला हात लावू नका. तो ताकद खात नाही. टाकीतली आणि फ्लोट चेंबरमधली पेट्रोलची वाफ तो धरून ठेवतो आणि इंजिन चालू झालं की परत पाजतो. तो काढलात तर तीच वाफ गॅरेजमध्ये.

रविवारचा_मेकॅनिक
वाचनखूण साठवली. माझी १९७८ ची आहे, एक स्ट्रॉमबर्ग आणि मॅनिफोल्डला चिकटून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. मीही काढू का सगळं?

चौथा_गिअर
तुम्ही कॅलिफोर्नियात असाल तर १९७६ आणि त्यानंतरच्या गाडीला दर दोन वर्षांनी स्मॉग चेक आहे, आणि त्यात उपकरणं जागेवर आहेत का हे डोळ्यांनीही बघतात. तेव्हा तुमचा प्रश्न तिथेच मिटला.

रविवारचा_मेकॅनिक
आहे तिथेच. मिटला.

टिवल्याबावल्या
मी एवढंच म्हणतो की गाडी १९६३ ची असती तर हा धागा निघालाच नसता.

बॉनेट_उघडा
शनिवारची हजेरी. गरम इंजिन, काही न दाबता १४२०. ईजीआरची व्हॅक्यूम नळी दाबली, फरक शून्य. रन-ऑन व्हॉल्व्हची नळी दाबली, शून्य. गल्प व्हॉल्व्हची मॅनिफोल्डकडची नळी दाबली आणि एकदम ११५०! मी गॅरेजमध्ये नाचलो. तीच नळी दाबून ठेवून एक फेरी मारली तर फटाके दुप्पट झाले, काका म्हणाले तस्सेच.

पण ११५० च्या खाली काही केल्या येत नाही. मॅनिफोल्डच्या गॅस्केटवर स्प्रेच्या बाटलीनं पाणी मारून पाहिलं, आवाज बदलला नाही.

जुना_पाना
छान काम. पाणी मारलंत ते आवडलं. लोक गरम एक्झॉस्टवर कार्ब क्लीनर मारतात आणि भुवया जाळून घेतात.

उरलेली हवा कार्बमधूनच जातेय. दोन जागा. पहिली थ्रॉटलचा दांडा: तो हातानं वरखाली हलतो का पहा. थोडी हालचाल चालते, टकटक वाजला तर बुश गेले. दुसरी जागा कुणी पाहत नाही. तुमच्या थ्रॉटलच्या डिस्कमध्ये (अॅक्सिलरेटरनं उघडमिट होणाऱ्या चकतीत) स्प्रिंगवर बसलेला एक छोटा व्हॉल्व्ह आहे. हाही त्याच काळातला धूर कमी करायचा उपाय. अॅक्सिलरेटर सोडल्यावर ओढ फार वाढली की तो उघडतो आणि थोडं मिक्श्चर आत सोडतो. पन्नास वर्षांत स्प्रिंग ढिली पडते, मग तो स्लोवरही उघडा राहतो. अशा वेळी स्लोचा स्क्रू काढून खिशात घातलात तरी आरपीएम उतरत नाही, कारण हवा त्या स्क्रूच्या वाटेनं जातच नसते.

कार्ब काढा, डिस्क बंद करा आणि मागून बॅटरीचा उजेड टाका.

बॉनेट_उघडा
काका, साष्टांग नमस्कार. पुढच्या कार्बच्या व्हॉल्व्हभोवती चंद्रकोरीएवढा उजेड दिसतोय. मागच्यात केसाएवढा. दांडे दोन्ही घट्ट आहेत.

आता डिस्क बदलू की व्हॉल्व्ह डाग देऊन बंद करू? आणि कार्ब उघडलाय तर अजून एक शंका: जेटमध्ये जाणारी सुई सरळ नाही, एका बाजूला कललेली दिसते. वाकलीय का?

जुना_पाना
सुई तशीच असते. एचआयएफमध्ये तिला स्प्रिंग एका बाजूला टेकवून ठेवते, म्हणून जुन्या एचएस कार्बसारखं जेट मधोमध आणायची कटकट नाही. मात्र दोन कार्बांचे पिस्टन आणि वरचे घुमट आपापल्या जागीच परत गेले पाहिजेत. ते जोडीनं बनलेले असतात, अदलाबदल झाली तर पिस्टन अडकेल. कागदाचे तुकडे चिकटवून ठेवा.

लोक डागही देतात, पण साध्या डिस्क मिळतात, त्या घाला. डिस्कच्या स्क्रूंची टोकं फाकवलेली असतात. तेच स्क्रू परत वापरायचे नाहीत, नवे घ्या, डिस्क भोकात नीट मधोमध बसवा, मग टोकं फाकवा. हा स्क्रू सुटला तर तो थेट सिलिंडरमध्ये जातो, आणि मग धाग्याचा विषय इंजिन उघडणे हा होईल.

बॉनेट_उघडा
दहा दिवसांनी हजर. नव्या डिस्क बसल्या, दुसऱ्या गाडीवरचा चांगला गल्प व्हॉल्व्ह लावला. स्लो ९०० वर! पंप जागेवर, नळ्या जागेवर, फटाके बंद. विश्वास बसेना.

आणि मग मोह आवरला नाही. पंपाचं बेअरिंग आधीपासून किरकिरत होतं, ते आता ओरडायला लागलं. म्हणून पंप आणि गल्प व्हॉल्व्ह, दोघंही जोडीनं काढले. हेडमध्ये घुसलेल्या चार नळ्यांचे नट गंजून एकजीव झाले होते. तीन दिवस रोज संध्याकाळी गंजाचं तेल मारत राहिलो, चौथ्या दिवशी सुटले. भोकांत ७/१६ इंच यूएनएफ आट्यांचे बोल्ट बसले, आखूड घेतले, म्हणजे टोक पोर्टमध्ये डोकावणार नाही. ईजीआरला हात लावला नाही, तो बिचारा काही मागत नाही.

पण झालं असं की त्याच भरात कोळशाचा डबाही काढला (ताई, रागावू नका), आणि टॅपेट कव्हरवर जुन्या एमजीबीची हवा जाणारी तेलाची टोपी लावली. आता गाडी अडखळते. स्लोवर मिसिंग, थोडा अॅक्सिलरेटर दिला की खड्ड्यात गेल्यासारखी. प्लग पांढरेफटक. कार्बनं परत हवा धरली का?

चौथा_गिअर
रागावले नाही, पण सांगितलं होतं.

तुमच्या एचआयएफच्या अंगावर एक नळी क्रँककेसकडून येते. कार्बच्या आतली ओढ तिच्यातून क्रँककेसमधली वाफ खेचते. त्या जागी जाणारी ताजी हवा डब्यातून गाळून टॅपेट कव्हरच्या नळीतून येते, आणि त्या नळीत मुद्दाम बारीक भोक ठेवलंय, म्हणजे ठरावीक हवाच आत यावी. तुम्ही मोकळी टोपी लावलीत, मग हवा मनसोक्त येते, थेट कार्बमध्ये जाते आणि जेटला न विचारता मिक्श्चर लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) करते. तुमच्या गाडीला बंद टोपीच हवी.

आणि आता गॅरेजमध्ये पेट्रोलचा वास येत असेल.

बॉनेट_उघडा
येतोय. घरातून नोटीसही आलीय.

चौथा_गिअर
डबा परत लावा. आतला कोळसा पन्नास वर्षांचा असेल तर बदला, मत्स्यालयाच्या फिल्टरचा अॅक्टिव्हेटेड कोळसा चालतो. धुवून पूर्ण वाळवून भरा, नाहीतर काळी भुकटी कार्बमध्ये जाईल. रन-ऑन व्हॉल्व्ह त्याच डब्याच्या खालच्या नळीवर असतो. चावी बंद केल्यावर टक असा आवाज येतो का ऐका, नाहीतर त्याची वायर तपासा.

मी तुमच्या जागी असते तर पंपाचं बेअरिंग बदलून तोही ठेवला असता. पण गाडी तुमची.

टिवल्याबावल्या
दोन्ही बाजूंचं ऐकून आता मलाच एमजीबी घ्यावीशी वाटायला लागलीय.

बॉनेट_उघडा
डबा लागला, बंद टोपी लागली, वास गेला, अडखळणं गेलं. रन-ऑन व्हॉल्व्हची वायर तुटलेली होती. आता चावी बंद केली की एकदाच ढेकर देते आणि गप्प.

आता कार्ब जुळवायचे. पुस्तकातलं वाचलं, डोक्यावरून गेलं. काका?

जुना_पाना
लिहितो, पण आधीची कामं झाल्याशिवाय स्क्रूला हात लावायचा नाही. टॅपेट थंड इंजिनावर ०.३८ मिमी. प्लग ०.६४, पॉइंट ०.३५ ते ०.४०. टायमिंग सगळ्यात शेवटी, दिव्यानं. मी व्हॅक्यूमची नळी काढून ३५०० च्या वर एकूण ३२ ते ३४ अंश पाहतो, पुढे जाऊ देत नाही. कार्बची तक्रार म्हणून आलेल्या निम्म्या गाड्या डिस्ट्रिब्युटरमध्येच बऱ्या होतात.

एअर फिल्टर काढा. घुमटातलं तेल पहा: आतल्या पोकळ दांड्याच्या टोकापासून सुमारे १३ मिमी वर, इंजिनाचं २० डब्ल्यू ५० चालतं. पातळ घालू नका. अॅक्सिलरेटर दाबला की पिस्टन जरा सावकाश वर यावा, तेवढ्यात जेटवर ओढ वाढून पेट्रोल जास्त यावं, यासाठी ते तेल आहे. पातळ तेलात पिस्टन उडी मारतो आणि गाडी अडखळते. तेलाशिवाय तर विचारूच नका.

फ्लोटची पातळी कार्ब उघडे होते तेव्हाच बघायला हवी होती. कार्ब उलटा धरला की फ्लोटचा मध्यभाग कडेच्या पातळीपेक्षा साधारण १ मिमी खाली. पाहिली नसेल तर परत उघडा, आळस करू नका.

आता जेट. पिस्टन काढून जेटचं तोंड पुलाशी (कार्बच्या गळ्यातल्या उंचवट्याशी) समतल करा, मग मिक्श्चरचा स्क्रू घड्याळाच्या दिशेनं दोन पूर्ण फेरे आत. एचआयएफमध्ये आत म्हणजे जेट खाली, म्हणजे रिच. दोन्ही कार्बांना सारखंच. ही फक्त सुरुवात.

दोन कार्बांना जोडणाऱ्या दांड्याच्या क्लॅम्प सोडा, म्हणजे दोघं स्वतंत्र झाले. इंजिन गरम. पेट्रोलच्या नळीचा हातभर तुकडा घ्या, एक टोक कानाशी, दुसरं कार्बच्या तोंडाशी, दोन्हीकडे त्याच जागी, त्याच अंतरावर. फुसफुस सारखी होईपर्यंत स्लोचे स्क्रू फिरवा. हवेचं मीटर असेल तर उत्तमच, पण कान फुकट आहे.

मग मिक्श्चर. कार्बखालची पिन दाबून पिस्टन जेमतेम १ मिमी उचला, जास्त नाही. आरपीएम वाढून वाढलेलाच राहिला तर रिच. लगेच पडायला लागला तर लीन. किंचित वाढून परत जागेवर आला तर बरोबर. एका वेळी पाव फेरा, आणि दर थोड्या वेळानं इंजिनाला एकदा दोन हजारावर नेऊन मोकळं करा, नाहीतर वाचन फसतं. एक कार्ब सुधारला की दुसरा बिघडल्यासारखा वाटेल, कारण मॅनिफोल्डमध्ये दोघं जोडलेले आहेत. दोन-तीन फेऱ्या होणारच. शेवटी क्लॅम्प आवळताना दोन्ही डिस्क एकाच क्षणी हलतील असं पहा, आणि चोकच्या केबलला किंचित ढील ठेवा.

चौथा_गिअर
पुरवणी: एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर घालून बघणाऱ्यांसाठी. पंप चालू असेल तर वाचन खोटं येतं, पंपाची हवा मोजली जाते आणि मीटर लीन दाखवतं. लोक मग जेट खाली नेत जातात आणि प्लग काळे करतात. पंप ठेवणाऱ्यांनी मोजताना त्याची नळी काढून चेक व्हॉल्व्हचं तोंड बंद करायचं.

टिवल्याबावल्या
डिस्ट्रिब्युटरला व्हॅक्यूम कार्बकडून द्यावा की मॅनिफोल्डकडून?

जुना_पाना
नको. धाग्याचं काश्मीर होईल.

बॉनेट_उघडा
शेवटचा अहवाल. दोन रविवार गेले, कान दुखायला लागले. फ्लोट बघितला नव्हता, मागचा जवळजवळ ३ मिमी चुकला होता, म्हणून मागचे दोन प्लग कायम काळे. तो दुरुस्त केल्यावर पिनेची परीक्षा दोन्ही कार्ब पहिल्यांदाच सारखी पास झाले. स्लो ८५०, हात ठेवला तर बॉनेट थरथरत नाही. चौथ्या गिअरमध्ये चढावर आता खाली उतरावं लागत नाही. प्लग चारही बिस्किटी रंगाचे.

पंप, त्याचा ब्रॅकेट, नळ्या, गल्प व्हॉल्व्ह, सगळं साफ करून खोक्यात घातलंय, वर चिठ्ठी लावलीय. पुढच्या मालकाला हवं असेल तर परत लागेल.

टिवल्याबावल्या
म्हणजे शेवटी पंप काढलाच ना? मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.

बॉनेट_उघडा
अहो, गाडी पंपासकट बरी झाली होती. मधे दहा दिवसांचा प्रतिसाद आहे तो वाचा.

रविवारचा_मेकॅनिक
उजेडाची युक्ती वाचून मीही माझा स्ट्रॉमबर्ग उघडला. त्यात डिस्क नाही, पण पिस्टनच्या रबरी पडद्याला खिडकीसमोर धरलं तर चांगलं टाचणीएवढं भोक. वेगळा धागा काढतो, काका, तिकडे या.